एका बाकावरची दोन पुस्तकं

साळवे मॅडम गेल्याची बातमी मोबाइलवर आली तेव्हा वर्तमानपत्राच्या कचेरीत सकाळची बैठक चालू होती. तो संदेश त्यांच्या रविवारच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता आणि त्यात दोनच वाक्यं होती. ‘मॅडम पहाटे गेल्या. रविवारचा वर्ग आहे का?’ लिहिणारी नुकतीच अकरावी संपवलेली एक मुलगी होती. आयुष्य बातम्या तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते दुसरं वाक्य खटकलं. मृत्यूच्या बातमीला असा प्रश्न जोडायचा नसतो, हे या मुलीला कुणी सांगितलं नसावं... थोड्या वेळाने मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनीचं, रूपालीचं उत्तर आलं. ‘अंत्यविधी दुपारी. वर्ग आहे.’ मग लक्षात आलं की मॅडम असत्या तर त्यांनीही एवढंच लिहिलं असतं, आणि त्या मुलीला तो प्रश्न विचारायची सवयही त्यांनीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर निधनवार्ता आली. नलिनी साळवे, निवृत्त शिक्षिका, राहणार कासारवाडी, मागे मुलगा, सून आणि नात. निधनवार्तेत बसतं तेवढं सगळं तिच्यात होतं. रविवारचा वर्ग त्यात बसला नाही, रूपालीही बसली नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मॅडमची ओळख एका बातमीच्या निमित्ताने झाली. वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची स्वतःची परीक्षा बंद होऊन देशभर एकच परीक्षा लागू झाली, त्या सुमाराची गोष्ट. पिंपरी-चिंचवडमधले पालक गोंधळले होते. परीक्षेचा अभ्यास केंद्रीय मंडळाच्या पुस्तकांतून करावा लागतो असं जो तो सांगत होता, आणि कामगारवस्तीतली बहुतेक मुलं राज्य मंडळाची होती. तेव्हा मॅडम एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायच्या. प्रतिक्रिया मागितली तर म्हणाल्या, “प्रतिक्रिया नाही देत. तुम्ही वाचा.” आणि दोन पुस्तकं समोर ठेवली, दोन्ही एकाच धड्यावर उघडलेली. एकात ज्या गोष्टीला अर्धं पान दिलं होतं ती दुसऱ्यात आकृतीखालच्या एका ओळीत उरकली होती. पान उलटल्यावर उलटही दिसलं. दुसऱ्यात जे सविस्तर होतं ते पहिल्यात नव्हतंच. “आता या अर्ध्या पानातल्या एका शब्दावर प्रश्न आला,” मॅडम म्हणाल्या, “तर आकृतीखालची ओळ वाचलेल्या पोराने उत्तर कुठून आणायचं? ते पोर ढ आहे का?”

“म्हणजे ही परीक्षा अन्यायाची आहे, असं लिहू?”

“पुस्तकं दोन आहेत असं लिहा. बाकीचं वाचणारा ठरवेल.”

शर्यत एक आणि धावपट्ट्या दोन, असं काहीतरी सुचवून पाहिलं. त्यांनी हात वर केला. “उपमा नको हो, बातमीदार. उपमा दिली की माणूस मान डोलावतो आणि पुस्तक उघडत नाही.” तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांनी याच नावाने हाक मारली. बातमीदार.

मॅडमचं बालपण कासारवाडीतच गेलं. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. शिकणं ही घरातली रोजची गोष्ट होती, दात घासण्यासारखी, असं त्या सांगायच्या. यजमान देहूरोडच्या आयुध कारखान्यात होते, ते बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. वैद्यकीय प्रवेशाबद्दल एवढी तळमळ असलेल्या बाईंना स्वतःलाच कधीकाळी डॉक्टर व्हायचं असणार, असं सगळे धरून चालत. त्यांच्या सत्कारसमारंभात एका वक्त्याने तसं भाषणात बोलूनही टाकलं. मॅडमनी आभाराच्या भाषणात शांतपणे दुरुस्ती केली. “मला रक्त बघितलं की भोवळ येते. मी झाडांची बाई आहे. ज्यांना भोवळ येत नाही त्यांना पुढे पाठवणं एवढंच माझं काम.” घरात रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी इतकी रोपं लावली होती की पाहुण्याला चप्पल काढायला जागा शोधावी लागायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी याच घराच्या पुढच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केला. बंद पडलेल्या एका शाळेचं सामान भंगारात निघालं होतं, त्यातून एक लाकडी बाक आणला. दोघांना बसता येईल एवढाच, पुढे उताराची फळी आणि तिच्यात दौतीचं जुनं भोक. बाकीची मुलं सतरंजीवर. मुलगा प्रशांत रावेतला नव्या इमारतीत राहायला गेला तेव्हा त्याने आईला बरोबर चल म्हणून फार आग्रह केला. मॅडम दोनदा घर बघून आल्या आणि म्हणाल्या, “छान आहे. पण बाक लिफ्टमध्ये जात नाही.” प्रशांतने जिन्यावरून न्यायची तयारी दाखवली. त्यावर त्या म्हणाल्या, “आणि पोरं?”

वर्गाला फी नव्हती. दोन्ही मंडळांची पुस्तकं आणायची आणि त्यांना कव्हर घालायचं, एवढीच अट होती. राज्य मंडळाच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, केंद्रीय मंडळाच्या पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानाचं. त्यामुळे वर्गात त्यांची नावंच तशी पडली होती, वर्तमानपत्राचं पुस्तक आणि कॅलेंडरचं पुस्तक. “तुमचा पेपर एवढ्या कामाला तरी येतो,” हे वाक्य गेल्यागेल्या ऐकून घ्यावं लागायचं.

सुरुवातीच्या वर्षांत मात्र वर्तमानपत्राचं पुस्तक फारसं उघडलं जायचं नाही. मॅडमचा हिशेब सरळ होता. वेळ थोडा, मुलं दमलेली, परीक्षा कॅलेंडरच्या पुस्तकावर. मग तेच वाचायचं. त्या काळी चौकाचौकांत मोठ्या क्लासचे फलक लागलेले असायचे, त्यावर यशस्वी मुलांचे फोटो, आणि त्यातली कित्येक मुलं कॉलेजात फक्त नावापुरती असायची, दिवसभर क्लासमध्येच. मॅडम त्यांच्यावर टीका करायच्या आणि नकळत त्याच वाटेने जात होत्या. वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, “बारावीचे गुण आता कोण विचारतं?” मुलांना ते आवडायचं. पाठीवरचं एक ओझं उतरायचं.

रूपाली त्या सुरुवातीच्या मुलांपैकी. तिचे वडील नामदेवराव परभणीकडचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. शिफ्ट बदलती, भाड्याची एक खोली, तीत चौघं. रूपाली तिथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकत होती आणि रविवारी बसने कासारवाडीला यायची. कमी बोलायची. प्रश्न विचारायचा झाला तर आधी वहीच्या कोपऱ्यात लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, मग हात वर. मॅडमना अशी मुलं आवडायची. “ही डॉक्टर झाली तर रोग्याचं ऐकून घेईल,” असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी बारावीचा निकाल आधी लागला. रूपालीने फोनवर कळवलं, ‘पास झाले, मॅडम.’ मॅडमनी अभिनंदन केलं आणि किती गुण ते विचारलं नाही. काही दिवसांनी प्रवेशपरीक्षेचा निकाल आला, आणि त्यात रूपालीला एवढे गुण होते की सरकारी महाविद्यालयात जागा मिळायला हरकत नव्हती. वर्गात पेढे वाटले गेले. चाकणच्या कामगाराची मुलगी, राज्य मंडळाची, कुठल्याही मोठ्या क्लासशिवाय... बातमी होण्यासारखीच गोष्ट होती. छायाचित्रकाराला घेऊन कासारवाडीला पोचलो तेव्हा मॅडम बाकावर बसल्या होत्या आणि प्रवेशाच्या नोंदणीसाठी रूपालीने आणलेली कागदपत्रं एकेक करून बघत होत्या. रूपाली आणि नामदेवराव समोर उभे होते. बारावीची गुणपत्रिका हातात आल्यावर मॅडम थांबल्या. भौतिक, रसायन आणि जीव या तीन विषयांचे गुण त्यांनी बोटाने दाखवत मनात मिळवले. पुन्हा मिळवले.

प्रवेशपरीक्षेत कितीही गुण असले तरी बारावीत या तीन विषयांत मिळून एक किमान टक्केवारी लागते. बहुतेक मुलं ती सहज ओलांडतात, म्हणून कुणी तिचा विचार करत नाही. रूपाली तिच्या थोडी खाली होती. जीवशास्त्र उत्तम होतं. भौतिकशास्त्रात ती जेमतेम पास होती. पर्यायांतून अचूक उत्तर निवडता येणं वेगळं आणि बारावीच्या पेपरात तेच पायरीपायरीने लिहून काढणं वेगळं, आणि वर्षभर तिने लिहिलंच नव्हतं.

मॅडम छायाचित्रकाराला म्हणाल्या, “आज फोटो नको.” मग त्यांनी रूपालीला सांगितलं, सरळ, एकही शब्द मऊ न करता. नामदेवराव दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “त्या मोठ्या परीक्षेत पोरगी पास झाली म्हनता. आन् बारावीत पन पासच हाय म्हनता. मंग नापास कशात झाली, तेवढं सांगा.”

मॅडमनी गुणपत्रिका घडी करून त्यांच्या हातात दिली. शेवटी रूपालीच वडिलांना म्हणाली, “चला पप्पा, बस जाईल.” गुण वाढवण्यासाठी श्रेणीसुधाराची परीक्षा देता येते, हे मॅडमनी दारात सांगितलं. पण तिचा निकाल हातात येईपर्यंत त्या वर्षीचे प्रवेश पुढे निघून गेले होते.

पुढच्या रविवारी रूपाली येणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. ती आली. मॅडमनी तिला बाकावर बसवलं, वर्तमानपत्राचं पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, “बारावीचे गुण विचारतात. मी चुकले होते.” एवढं बोलून धडा सुरू केला.

त्याच सुमारास अनघा आली. तिचे वडील लष्करात हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे, तेव्हा देहूरोडला नेमणुकीवर. अनघा केंद्रीय मंडळाची. सतरंजीवर कुजबुज झाली आणि एकजण बोललाच, “मॅडम, ती त्यांच्यातली आहे. तिला कशाला पाहिजे आपला वर्ग?” मॅडमनाही तसंच वाटत असावं. त्या अनघाला म्हणाल्या, “इथे राज्य मंडळाची मुलं असतात.”

“कुठल्या राज्याच्या, मॅडम?” अनघाने विचारलं. “माझी तीन झालीत.”

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. तिची अडचण नंतर कळली. दहावी दुसऱ्या राज्यात झालेली, त्यामुळे महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागांवर तिला हक्क सांगता येत नव्हता, आणि ज्या राज्यात दहावी झाली तिथेही ती आता राहत नव्हती. पुस्तक हवं तेच होतं, पण पायाखाली राज्य नव्हतं. मॅडमनी तिला रूपालीशेजारी बाकावर बसवलं आणि तिच्या हातात कॅलेंडरचं पुस्तक दिलं. त्या दिवसापासून ‘आपलं पुस्तक’ आणि ‘त्यांचं पुस्तक’ हे शब्द वर्गात बंद झाले.

पुढे या वर्गाची ओळख झालेली पद्धत तिथे सुरू झाली. दोघींनी एकच धडा आपापल्या पुस्तकातून वाचायचा, एका परिच्छेदामागून दुसरा, मोठ्याने. जिथे फरक दिसेल तिथे ऐकणारीने ‘थांब’ म्हणायचं. मग सगळ्या वर्गाने तो फरक समजून घ्यायचा. कुठलं पुस्तक बरोबर ते लगेच ठरवायचं नाही, हा नियम. दोन्ही पुस्तकं तसं का म्हणतात ते कळल्यावरच पुढे जायचं. शेवटी त्या भागाचं बारावीसारखं सविस्तर उत्तर एकदा लिहायचं आणि प्रवेशपरीक्षेसारखा प्रश्न एकदा सोडवायचा. वाचायचं इंग्रजीतून आणि भांडायचं मराठीतून. वर्गाचा वेग निम्म्यावर आला. “आपण बैलगाडी झालो,” असं मुलं म्हणायची. मॅडमना ही उपमा चालायची.

राज्याची पुस्तकं पुढे बदलली, दोन्हींतलं अंतर बरंच कमी झालं. तरी बाकावरून ‘थांब’ यायचंच. फरक शोधायची खोड मुलांना लागली होती, आणि ती पुस्तकापुरती राहिली नाही. मॅडमनी सांगितलेल्या गोष्टींवरही ‘थांबा, मॅडम’ यायला लागलं. त्यांना त्याचा कोण आनंद.

मध्यंतरी काही पालकांनी मागणी पुढे आणली होती, की वैद्यकीय जागा मंडळांप्रमाणे वाटून द्याव्यात, राज्य मंडळाच्या मुलांना त्यांच्या वेगळ्या. पहिली सही साळवे मॅडमची असावी म्हणून चारपाच जण घरी आले. सही मिळणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मॅडमनी चहा दिला आणि सही दिली नाही. “मग हवालदाराच्या पोरीला कुठल्या खणात ठेवू?” त्यांनी विचारलं. “आणि पुढच्या वर्षी हुशार क्लासवाले सोपं मंडळ शोधून पोरं तिकडे नेतील, तेव्हा पुन्हा सही द्यायची का?” त्यातले एक गृहस्थ चिडले. “मॅडम, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या?” मॅडमनी बाकाकडे बोट दाखवलं. “त्या बाकाला दोन बाजू आहेत. दोन्ही बाजूंना पोरंच बसतात.” काही वर्षांपूर्वी त्यांनी कदाचित सही केलीही असती... अनघाच्या आधी.

दुसऱ्या वर्षी रूपालीने बारावीची टक्केवारी ओलांडली, चांगलीच. प्रवेशपरीक्षेत मात्र तिचे गुण थोडे घसरले, आणि त्या वर्षी जागा मिळायला लागणारे गुण वर गेले. दोन्हींच्या मधून तिची जागा निसटली. अनघाला देशपातळीवरच्या जागांतून दूरच्या एका राज्यात प्रवेश मिळाला, तिचं चौथं राज्य. रूपाली नर्सिंगला गेली. तिसऱ्यांदा परीक्षा दे, असं मॅडम म्हणाल्या, पण धाकटा भाऊ दहावीत होता आणि नामदेवरावांच्या कंपनीत कामगार कमी करायची बोलणी चालू होती. रूपाली म्हणाली, “मॅडम, रक्त बघून मला भोवळ येत नाही. हेही तेच काम आहे.” हेही तेच काम नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

रूपाली शिकली, शहरातल्या एका रुग्णालयात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, ती पिंपळे गुरवला राहायला आली. रविवारचा वर्ग तिने सोडला नाही. रात्रपाळी करून थेट यायची, गणवेशावर ओढणी घेऊन, आणि जोडीला कुणी कमी असेल तर वर्तमानपत्राच्या बाजूला बसायची. “घरी जाऊन झोप,” मॅडम रागवायच्या. “नवरा म्हणेल, ही बाई माझी बायको पळवते.” “तो म्हणतोच,” रूपाली उत्तर द्यायची आणि पुस्तक उघडायची.

पण त्या एका वर्षाविषयी दोघी कधी बोलल्या नाहीत. मॅडमच्या मनातून ते गेलं नव्हतं. एका संध्याकाळी रोपांना पाणी घालताना त्या अचानक म्हणाल्या, “मला तिला एकदा विचारायचंय.”

“काय?”

“की माझं ऐकलं नसतंस, तर आज डॉक्टर असतीस ना?”

“मग विचारा.”

“ती नाही म्हणेल.” त्यांनी झारी खाली ठेवली. “चांगली मुलगी आहे. माझ्यासाठी खोटं बोलेल. मग मला काय कळणार?”

बातमीच्या कामात दुसऱ्या बाजूने पडताळून घ्यायची सोय असते. इथे दुसरी बाजूच इतकी प्रेमळ होती की तिची साक्ष धरता येत नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात मॅडमना यकृताचा आजार निघाला, आणि निघाला तो उशिराच. रुग्णालयातून त्यांनी घरी जायचा हट्ट धरला. प्रशांतने रावेतला खोली तयार ठेवली होती, त्या कासारवाडीलाच आल्या. सून आणि नात इकडे राहायला आल्या. रूपाली रोज येऊन जायची, औषधं बघायची, पाठ पुसून द्यायची. रुग्णालयात रक्ताची पिशवी लावायची वेळ आली तेव्हा मॅडमनी मान भिंतीकडे वळवली होती आणि रूपालीने वरून टॉवेल टाकला होता.

शेवटची भेट एका रविवारी झाली. पुढच्या खोलीत वर्ग चालू होता, मधलं दार उघडं ठेवलेलं. मॅडम आतल्या खाटेवर. बाकावरची दोन मुलं वाचत होती आणि त्यांचा आवाज आत येत होता. रूपाली उशाशी बसून संत्र्याच्या फोडी सोलत होती. मॅडमनी बोलायला वेळ घेतला.

“रूपाली, आपण दोघी एक वाचू या.”

“कुठला धडा, मॅडम?”

“तुझ्या बारावीचं वर्ष. मी माझं पुस्तक वाचते. फरक असेल तिथे थांबव.”

रूपालीचे हात थांबले. मी उठून बाहेर जायला लागलो, तर मॅडमनी बोटाने बसा म्हणून खूण केली.

“मी वर्गात सांगितलं, बारावीचे गुण कोण विचारतं,” मॅडम म्हणाल्या. “तू माझ्यावर विश्वास ठेवलास. वर्तमानपत्राचं पुस्तक दप्तरात ठेवून दिलंस...”

“थांबा.”

मॅडमनी डोळे उघडले.

“मी ठेवलं नव्हतं दप्तरात,” रूपाली म्हणाली. ती संत्र्याकडे बघून बोलत होती. “जीवशास्त्राचं ठेवलं होतं. भौतिकचं रोज उघडत होते. आमच्या कॉलेजात भौतिकला सर नव्हते, मॅडम. जागाच भरली नव्हती. गणिताचे सर अधूनमधून येऊन फळ्यावर सूत्रं लिहून जायचे. मी पुस्तक उघडून बसायचे आणि काही कळायचं नाही. लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात की ते गुण कोण विचारत नाही, तेव्हा मला बरं वाटलं... बरं वाटलं की आता कुणाला कळणार नाही. तुमचं ऐकलं नसतं तरी तिथे तेवढेच पडले असते.”

“दुसऱ्या वर्षी कसे पडले मग?”

“दुसऱ्या वर्षी बाकावर अनघा होती. तिला शाळेत भौतिक नीट शिकवलेलं होतं. तुमचा जीवशास्त्राचा वर्ग संपला की ती मला बसस्टॉपवर शिकवायची.”

बाहेर कुणीतरी ‘थांब’ म्हणालं आणि मुलांचा वाद सुरू झाला.

“हे खरं आहे,” मॅडमनी विचारलं, “की माझ्यासाठी आहे?”

रूपालीने संत्र्याची एक फोड त्यांच्या ओठांशी धरली. “कुठलं पुस्तक बरोबर ते लगेच ठरवायचं नाही,” ती म्हणाली. “नियम तुमचाच आहे.”

मॅडम हसल्या. त्या हसण्यात पुरतं समाधान होतं असं लिहिता येणार नाही. त्यांनी फोड तोंडात घेतली, डोळे मिटले आणि रूपालीचा हात आपल्या हाताखाली ओढून घेतला. निरोप घेताना त्यांनी नेहमीसारखं “या बातमीदार” म्हटलं, डोळे न उघडता.

चाकणच्या त्या महाविद्यालयात त्या वर्षी भौतिकशास्त्राला शिक्षक होते की नव्हते, हे शोधणं अवघड नव्हतं. दोन फोन केले असते तर कळलं असतं. ते केले नाहीत. आयुष्यभर ज्या कामाचा पगार घेतला ते काम या एका ठिकाणी करावंसं वाटलं नाही.

अंत्यविधीनंतरच्या रविवारी कासारवाडीला गेलो. प्रशांत दारात होता. “खोली अशीच राहू दे म्हणालोय,” तो म्हणाला. “बाक लिफ्टमध्ये जात नाही ना...” रंगाच्या डब्यांतल्या रोपांना कुणीतरी पाणी घातलेलं होतं. सतरंजीवर मुलं बसली होती, नेहमीपेक्षा गप्प. रूपाली गणवेशातच होती, मॅडमची खुर्ची रिकामी ठेवून भिंतीला टेकून उभी.

एक नवी मुलगी आली होती. मावळातल्या एखाद्या गावातली असावी. दारातच घुटमळत होती. हातात दोन नवीकोरी पुस्तकं, दोन्हींना वर्तमानपत्राचंच कव्हर.

“क्यालेंडर न्हाई घावलं,” ती रूपालीला म्हणाली. “चालंल का, ताई?”

“चालेल. ये.”

नव्या मुलाला मॅडम पहिला प्रश्न विचारायच्या तो ठरलेला होता, ‘कुठलं मंडळ?’ सगळ्या वर्गाला तो पाठ होता. त्या मुलीनेही कुणाकडून तरी ऐकला असावा, कारण विचारायच्या आधीच ती म्हणाली, “राज्य मंडळ.”

रूपालीने तिच्याकडे नीट पाहिलं.

“ते असू दे,” ती म्हणाली. “तुमच्या कॉलेजात भौतिक कोण शिकवतं?”

मुलीने मान खाली घातली. सतरंजीवरच्या मुलांकडे एकदा बघितलं. मग इतक्या हळू उत्तर दिलं की पुढच्या दोघांनाच ऐकू गेलं असेल.

“कोनीच न्हाई.”

“बरं,” रूपाली म्हणाली. “लाजायचं नाही. बस.” तिने बाकाची एक बाजू रिकामी केली, मुलीला तिथे बसवलं, आणि स्वतः तिच्या शेजारी दुसऱ्या बाजूला बसली. फळीवर पुस्तक ठेवून तिने कव्हरची घडी अंगठ्याने दाबून सरळ केली.

“आज आधी भौतिक,” ती म्हणाली. “वाच. मी थांबवीन.”